माफीचं पान

त्या माणसाचे हात कोरडे असे कुणी कधी पाहिलेच नाहीत. बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली, रात्रभर भिजत घातलेल्या वाटाण्यासारखी. कागद करणाऱ्याचे हात असेच असायचे. उजाडलं की हौदात, दिवस कलला की बाहेर. गल्लीत त्याला थोरला म्हणत, कारण त्याला एक धाकटा भाऊ होता, आणि एवढ्या दोन शब्दांत त्या घराची वंशावळ आटपायची. आईबाप लवकर गेले. थोरल्यानं स्वतः लग्न केलं नाही. कुणी विषय काढलाच तर म्हणायचा, आमचं लग्न हौदाशी लागलंय, सवत आणून भांडणं कुठे सोडवत बसू? धाकट्याचं मात्र त्यानं हौसेनं करून दिलं, आणि धाकटी त्या घरात आली ती पदर खोचूनच आली.

कागद कसा व्हायचा ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चिंध्या आणायच्या, चुन्याच्या पाण्यात कुजवायच्या, कुटून कुटून त्यांचा लगदा करायचा. तो हौदातल्या पाण्यात ढवळून त्यात बारीक काड्यांची जाळी तिरकी बुडवायची, आडवी उचलायची, उचलता उचलता मनगटाला एक हिसका द्यायचा, की जाळीवर साय धरल्यासारखा कागद बसतो. तो भिंतीला लावून वाळवायचा. मग त्याला पिठाची खळ द्यायची, म्हणजे शाई फुटत नाही. शेवटी गुळगुळीत दगडानं घोटायचा. झालं. ऐकायला सोपं आहे. करायला बसलात तर मनगट आठ दिवस ताट उचलू देणार नाही.

त्या गल्लीत असे पंधरा-वीस हौद होते आणि गल्लीचा एकच कायदा होता. हौद कुणालाही दाखवा, खळीचं भांडं दाखवू नका. खळ बायका करायच्या, दार लोटून. त्या पिठात मोरचूद आणि एक कडू मुळी वाटून घालायच्या; किती, कधी, कोणत्या उकळीला, ते आईकडून लेकीला नाही तर सासूकडून सुनेला कळायचं. ते घातलं नाही तर कागद दिसायला तसाच दिसतो, उलट थोडा जास्तच पांढरा. पण नुसती पिठाची खळ म्हणजे कसरीला, त्या कागद खाणाऱ्या किडीला, पंगतच. दोन-चार वर्षांत पानाची चाळण होते. गल्लीचा कागद शंभर वर्षं टिकायचा तो त्या भांड्यामुळे. म्हणून कचेऱ्या, देवघेवीचे लोक, वह्या बांधणारे, सगळे तिथेच यायचे.

मग चिंध्या मिळेनाशा झाल्या. हसू नका. समुद्रापलीकडच्या साहेबांच्या मुलखात कागदाच्या गिरण्या निघाल्या होत्या, वाफेवर चालणाऱ्या, आणि त्यांचं पोट भरेना. त्यांच्या स्वतःच्या देशातल्या चिंध्या पुरेनात, म्हणून त्यांनी दुसऱ्यांच्या अंगावरच्या फाटायची वाट बघायला सुरुवात केली. बंदरावर एक वखार उभी राहिली, मक्तेदार नेमला, आणि दारोदारच्या जुन्या कपड्यांचे गठ्ठे आगबोटीत जाऊ लागले. नवं कापड त्यांच्या गिरणीचं घ्यायचं, आणि ते फाटलं की चिंधीही त्यांनाच द्यायची. असा सगळा एकतर्फी कारभार. वर कायदाही झाला, की मक्तेदाराशिवाय कुणी चिंध्या गोळा करायच्या नाहीत. चिंध्यांचा मक्ता! थोरल्यानं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला ती थट्टाच वाटली होती.

धाकटा तापट. दोन महिने हौद रिकामा पाहून त्याचं डोकं फिरलं. भर दुपारी वखारीत शिरला, दोन गठ्ठे खांद्यावर टाकले, आणि आडव्या आलेल्या पहारेकऱ्याला ढकललं. पहारेकरी पायरीवर पडला, त्याचा हात मोडला. न्यायाधीशसाहेबांनी चोरीची तीन आणि हाताची चार अशी सात वर्षं दिली. धाकटीला तेव्हा सहावा महिना होता. मुलगी झाली ती बापाशिवाय.

इथून पुढे थोरल्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. धाकटा घरी यायला हवा. जिवंत, आणि लवकर.

तुरुंगात धाकटा खडी फोडत होता. सहा महिन्यांनी भेट झाली तेव्हा त्याला खोकला लागला होता आणि डाव्या हाताचं एक नख नव्हतं. त्याच आठवड्यात तुरुंगाच्या साहेबाचं बोलावणं आलं. हा पहिला साहेब माणूस वाईट नव्हता, ते कबूल केलं पाहिजे. त्याला वरून हुकूम होता की कैद्यांनी आपला खर्च आपण कमवावा, आणि त्याच्या मनानं कागद घेतला होता. दुभाषा कारकून मध्ये बसला, पातळ आवाजाचा, अंगावर कायम एकच काळा कोट. त्यानं सांगितलं ते असं: थोरल्यानं कैद्यांना कागद करायला शिकवावं. चाळीस माणसं, चार हौद. बदल्यात धाकट्याला खडीवरून काढून कागदाच्या शेडमध्ये घेतील, आणि काम साहेबाच्या मनासारखं झालं तर शिक्षेतली दोन वर्षं माफ.

थोरला तसाच गल्लीत आला आणि सगळ्यांना बोलावलं. आडून काही केलं नाही त्यानं. लोक खवळणारच. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं कुणीतरी तोंडावर म्हणालं. कैद्यांना मजुरी नाही, चिंध्या वखारीतून मिळणार, त्यांचा कागद फुकटात पडणार, मग आपला, गोणपाटावर भागवलेला, कोण घेणार? हे कळायला कुणाला शाळेत जावं लागत नव्हतं. थोरला मान खाली घालून बसला होता. शेवटी गल्लीतला सर्वांत वयस्कर, ज्याला सगळे आजोबा म्हणत, त्यानं तोंड उघडलं.

"भाऊ आहे त्याचा. आपल्यातला कोण थांबला असता? शिकव बाबा. हौद शिकव, जाळी शिकव, घोटायचं शिकव. खळीचं भांडं तेवढं झाकलेलं राहू दे. मग दोन-तीन पावसाळे जाऊ देत. सरकारी दप्तरात कसर शिरली की तेच येतील इथे धावत."

सगळ्यांना ते पटलं. हसलेसुद्धा काहीजण, कितीतरी दिवसांनी. थोरल्यानं शब्द दिला. आत दाराआड बसलेल्या धाकटीनंही दिला, आणि खरं म्हणजे तिचाच शब्द मोलाचा, कारण भांडं तिच्या हातात होतं.

तीन महिने थोरला रोज तुरुंगात जात होता. चांगलं शिकवलं त्यानं, हातचं राखून शिकवणं त्याला जमायचंच नाही. एखाद्याची जाळी वाकडी उठली की हा स्वतःच्या हौदावर असल्यासारखा ओरडायचा. खोटं बोलला तो एकाच जागी. खळ म्हणजे काय, तर पीठ आणि पाणी, एवढंच त्यानं सांगितलं. धाकटा तिथेच घोटायला बसलेला असायचा. त्यानं एकदाच दगड थांबवून भावाकडे पाहिलं, पिठाच्या नुसत्या पांढऱ्या भांड्याकडे पाहिलं, आणि पुन्हा घोटायला लागला. त्याला सांगावं लागलं नाही.

पहिला कागद निघाला तसा साहेब हरखून गेला. उन्हात धरून बघायचा, बायकोला बोलावून दाखवायचा. आणि आपल्या तुरुंगाच्या कागदाचं कौतुक म्हणून त्यानं कचेरीतलं एक रजिस्टर त्याच कागदाचं बांधून घेतलं. त्यात त्यानं थोरल्यासमोर स्वतःच्या हातानं धाकट्याची दोन वर्षं माफ केल्याचं लिहिलं. कारकुनानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. सही झाली. थोरल्यानं साहेबाचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. घरी येऊन धाकटीला म्हणाला, पाच वर्षं, पोरी, फक्त पाच, त्यातलं एक तर गेलंच.

आता गल्लीचं ऐका. तुरुंगाचा कागद कचेरी-कचेरीतून गेला. गल्लीतला कागद कुणी विचारेना. पहिल्या वर्षी चार हौद सुकले, दुसऱ्या वर्षी सहा. कुणी रेल्वेच्या रुळाखाली माती टाकायला गेलं, कुणी बंदरावर ओझी उचलायला. जाताना प्रत्येकजण थोरल्याला सांगून जायचा, कसर लागली की कळव, आम्ही आलोच. शिव्या कुणी दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं. आजोबा तिसऱ्या वर्षी गेले, ते शेवटपर्यंत विचारत होते, काय रे, लागली का? चौथ्या वर्षी गल्लीत पाणी भरलेला हौद एकच उरला, थोरल्याचा, आणि त्यातही मिळतील तेव्हा गोणपाटाचे तुकडे. धाकटीनं लोकांची धुणी धरली. तरी खळीचं भांडं ती दार लोटूनच चढवायची. चोरून बघायला गल्लीत होतं कोण?

शिकवणं संपल्यापासून धाकट्याची भेट मिळाली नव्हती. पाच वर्षं भरली त्या दिवशी थोरला आणि धाकटी तुरुंगाच्या दाराशी सकाळीच उभे राहिले. धाकटीच्या हातात धुतलेल्या कपड्यांची घडी होती. मुलीला, धाकटी ज्यांची धुणी धुवायची त्यांच्या घरी ठेवलं होतं. बापाला एकदम दारात बघून ती रडेल, म्हणून. दुपारपर्यंत कुणी बाहेर आलं नाही. मग थोरल्याला एकट्याला आत बोलावलं.

साहेब नवा होता. पहिला साहेब दोन वर्षांपूर्वीच बोटीनं मायदेशी गेला होता. कारकून तोच, कोट तोच. त्यानं टेबलावर रजिस्टर ठेवलं आणि उघडलं. उघडताना पानांतून पिठासारखी भुकटी पडली. थोरल्यानं ती पानं पाहिली. ओळी नव्हत्या, नुसती जाळी उरली होती. मधूनच एखादं अक्षर, एखाद्या सहीचं शेपूट. नावं जिथे होती तो सगळा भाग कसरीनं नीट, सावकाश, पोटभर खाल्ला होता.

थोरल्यानं एक पान उलटलं, त्याखालचंही तसंच. गल्लीतल्या शहाण्या-सुरत्या माणसांनी बसून ठरवलं होतं की सरकारचं दप्तर कुजलं पाहिजे. त्या दप्तरात आपला धाकटाही लिहिलेला आहे, एवढी साधी गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नव्हती. त्याच्याही नाही. इतकी वर्षं तो एकीकडे कसर मागत होता आणि दुसरीकडे माफी, आणि दोन्ही एकाच वहीत राहत होत्या.

तो कारकुनाला म्हणाला, पण तुम्हीच वाचून दाखवलं होतं की मला. तुम्हाला आठवतंय ना?

"आठवतंय," कारकून म्हणाला. "पण माझ्या आठवणीवर शिक्का नाही."

पहिल्या साहेबाला पत्र टाका, थोरला म्हणाला. कारकुनानं समजावलं की पत्र जाऊन उत्तर यायला चार-पाच महिने लागतात, आणि इथे वेळ आठ दिवसांचा आहे. कारण साहेब लोकांनी समुद्रापार आणखी एक मुलूख नव्यानं घेतला होता. तिथे बंदर बांधायचं होतं आणि माणसं कमी पडत होती. ज्यांची शिक्षा वर्षाहून जास्त उरलीय ते सगळे कैदी त्या कामावर पाठवायचे, असा हुकूम होता. माफी धरली तर धाकट्याची शिक्षा आज संपलेली. नाही धरली तर दोन वर्षं बाकी. पान नाही म्हणजे माफी नाही. आठ दिवसांनी बोट.

तिथून किती परत येतात, हे थोरल्यानं विचारलं नाही. कारकुनानंही आपण होऊन सांगितलं नाही.

मग थोरल्यानं ते केलं जे गल्लीत कुणी कधी केलं नव्हतं. त्यानं सगळं सांगून टाकलं. खळीत काय घालायचं असतं, ते मुद्दाम कसं सांगितलं नाही, कुणी ठरवलं, का ठरवलं. दोष माझा आहे, म्हणाला, पान होतं, मी ते खराब केलं, मला आत टाका, सात वर्षं टाका, त्या बंदरावर मला पाठवा, त्याला सोडा. कारकून टेबलावर पडलेली भुकटी हातानं गोळा करत राहिला. हे साहेबाच्या भाषेत सांगायचं की नाही, याचा तो विचार करत असावा. शेवटी सांगितलं, हळूहळू, मान वर न करता.

साहेब चिडला नाही. त्यानं टेबलाच्या खणातून एक कोरा कागद काढला आणि थोरल्याच्या पुढे सरकवला. पातळ, एकसारखा, दुधासारखा पांढरा. कारकून सांगत गेला. साहेब म्हणतायत, तुमच्या कागदाचं आता काहीच महत्त्व नाही, चांगला असो की वाईट. सगळ्या कचेऱ्यांना आता तिकडच्या गिरणीचाच कागद येतो, आगबोटीनं. तुरुंगाची शेडही गेल्या वर्षीच बंद झाली. थोरल्याला वाटलं, हे कसरीमुळेच झालं असणार, आपणच केलं. तसं तो पुटपुटला. तेव्हा कारकून साहेबाला न विचारता, स्वतःच्या मनानं म्हणाला, "नाही हो. गिरणीच्या कागदाचा हुकूम पहिला साहेब असतानाच निघालाय. तुम्ही शिकवायला आलात त्याच्याही आधी. तिकडच्या गिरण्यांची सोय व्हायला थोडी वर्षं लागणार होती, तेवढ्यापुरतं तुरुंगात चालवून घेतलं."

थोरल्यानं तो कागद सवयीनं हातात घेतला, उजेडाकडे धरला, अंगठ्यानं चोळून पाहिला. त्यात काही नावं ठेवण्यासारखं नव्हतं. त्याला साहेबाचा राग यायला हवा होता, आणि आला तो स्वतःच्या अंगठ्याचा.

धाकट्याला पाव तास भेटू दिलं. मधे गज होते. धाकटा हसत आला, त्याला वाटलं कपडे आणलेत. मग भावाचं तोंड बघून त्याचं हसू गेलं. थोरल्यानं त्याला रजिस्टर, बोट, बंदर सगळं सांगितलं. म्हणाला, माझ्यामुळे झालं. मी तुला खाल्लं.

धाकट्यानं पायातली बेडी सरकवली आणि गजांजवळ खाली बसला.

"दादा, ते पान मीच घोटलं होतं," तो म्हणाला. "रजिस्टरसाठी निवडून काढलेल्या तावांतलं होतं. मला माहीत होतं त्यात माझंच नाव लिहिणार आहेत. शेडमध्ये मोरचूदही होतं, भिंत रंगवायला आणलेलं. मनात आलं होतं, एवढ्याच तावांपुरतं टाकावं चिमूटभर. कुणाला कळलं नसतं."

"मग टाकलं का नाहीस रे?"

"गल्लीला शब्द दिला होतास ना तू. आणि मी हिशेब केला, चारच वर्षं उरलीत, तेवढं तर टिकेलच."

थोरल्यानं त्याला सांगितलं नाही की गल्लीत आता आपल्या घराशिवाय कुणी राहत नाही. निदान तेवढं तरी पोटात ठेवावं, असं त्यानं ठरवलं. गजांतून हात घालून त्यानं धाकट्याच्या डोक्यावरून हात फिरवला. लहानपणी ताप आला की फिरवायचा तसा. शिपायानं नंबर पुकारला. धाकटा उठला, दोन पावलं गेला, आणि वळून मुलगी कुणासारखी दिसते ते विचारलं. तुझ्यासारखी, थोरला म्हणाला. खरं तर ती धाकटीसारखी होती.

बाहेर धाकटी तशीच उभी होती. उन्हानं तोंड लाल झालेलं, घडी छातीशी. ती काही विचारायच्या आत थोरल्यानं चालायला सुरुवात केली, आणि चालता चालताच तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ती रडली नाही. वाटेत दगडांनी भरलेल्या गाड्या चालल्या होत्या, धूळ उडत होती, ती पदरानं नाक झाकून ऐकत होती. रजिस्टरचं ऐकलं. धाकट्यानं हाताशी मोरचूद असून टाकलं नाही ते ऐकलं, तेव्हा एकदा थांबली, पुन्हा चालायला लागली. शेवटी थोरल्यानं तिला गिरणीच्या कागदाच्या हुकुमाचं सांगितलं. तिला थोडा धीर वाटावा म्हणून सांगितलं, की आपण काहीही केलं असतं तरी गल्ली बुडणारच होती, ते आधीच ठरलं होतं.

तेव्हा ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"दादा," ती म्हणाली, "सगळं आधीच ठरलं होतं, तर मग आपण ते भांडं कुणापासून झाकत होतो?"

मागून गाडीवाला ओरडत होता, बाजूला व्हा म्हणून. थोरल्यानं तिचा दंड धरून तिला कडेला घेतलं. थोरल्या दिरानं भावजयीला असं धरायची रीत नव्हती, पण दोघांनाही त्या वेळी सुचलं नाही. गाडी पुढे गेली आणि दोघं घराकडे चालू लागली. आठ दिवसांनी बोट गेली. शिक्षेतली उरलेली दोन वर्षं संपली, त्यानंतरची वर्षंही संपली, धाकटा आला नाही, तो कुठे कसा गेला याचा एका ओळीचा कागदही कधी आला नाही. थोरला पुढे बारा वर्षं जगला, आणि धाकटीनं विचारलेल्या त्या एका गोष्टीचं उत्तर तो तिला देऊ शकला नाही.